ओल कुठंवर आली

२३ नोव्हें. ९९, मंगळ.
जुनी वही भरली. नातीनं तिची कॉलेजची दिली, मागची पानं कोरी हायत म्हणून. पुढच्या पानांवर नुसत्या चौकटी आणि बाण. नात म्हंजे वैशू. इथनं पुढं वै. लिहीन, बोटं दुखतात.

वै. विश्रामबागेच्या कॉलेजातनं तोंड पाडून आली. तिथले सर म्हणले, सहा तारखेला चालू करून दाखव, न्हाईतर सोड ते आणि लायब्ररीचा प्रोग्राम घे, सगळ्या पोरी तोच घेत्यात. "सगळ्या पोरी" हे तिला झोंबलंय. मलाबी झोंबलं. तव्यावरची भाकरी उलटली.

२४ नोव्हें.
काय केलंय ते नीट विचारून घेतलं. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. खरा न्हाई, पडद्यावरच्या एका चौकटीत. पण त्याला वाटतं आपण सोताच एक मोठं मशीन हाय. म्हणलं, तुझ्या मामासारखं. सून भाकरी थापायची थांबली.

बाहेरच्यात नेहमीची सिस्टीम चालती, आतल्यात लिनक्स नावाची. बाहेरच्याला इंटरनेट मिळतंय, आतल्याला न्हाई. एवढंच दुखणं. पण कशानं ते कुणालाच म्हाईत न्हाई. सरांनाबी न्हाई, म्हणून तर लायब्ररी.

२५ नोव्हें.
आज बाहेरचंबी तुटाय लागलं. इंटरनेट फोनच्या तारेतनं येतं, ते मधीच गचकन बंद. वै.ने वेळा लिहून ठेवल्या. ४-१०, ४-३५, ५-०५. मी सुनेला फाडून बोलले, तूच सयपाकघरातला फोन उचलतीस, म्हायेरचं गुऱ्हाळ लावायला. सून म्हणाली, आवं आत्या, मी दुपारधरनं हळद कांडायला गेलेली.

वै. वहीकडं बघत म्हणाली, "आज्जी, पाच वाजून पाच मिनटांनी तू कुठं हुतीस?"

मीच. जाता येता रिसीव्हर उचलून कानाला लावते, टोन हाय का मेला ते बघाय. दत्ता सीमेवर. लेकाचा फोन यायचा तर लाईन जित्ती पायजे. चार वर्षं ही सवय. मी एकदा कान लावला की पोरीचं सगळं तुटायचं.

ओरडली न्हाई. दत्ताची लोकरीची टोपी आणली, रिसीव्हरवर घातली, वर चिठ्ठी चिकटवली : आज्जी, नको.
सुनेला बोललेलं परत घेतलं न्हाई. चहा करून दिला.

२७ नोव्हें., शनि.
बाहेरचं आता तुटत न्हाई. आतलं कोरडंच. वै. सकाळधरनं आतल्या चौकटीतनं अमेरिकेतलं एक पान मागतीया. मिळत न्हाई. परत मागतीया. परत न्हाई.

बघवंना. कडेगावला बारा वर्षं उसाला दारं धरली मी. खोऱ्यानं माती ओढायची, एका सरीचं पाणी तोडायचं, दुसरीला द्यायचं. म्हणलं, अगं शेवटच्या सरीला पाणी न्हाई म्हणून शेवटच्या सरीतच उभं राहून काय हुतंय? विहिरीपासनं चालत ये. ओल कुठंवर आली बघ. जिथं कोरडं लागंल त्याच्या आधलं दारं बंद असतंय.

वाटलं हसंल. हसली न्हाई. पेन घेतलं. मग वहीत लिहिलं. नंतर गुपचूप बघितलं मी. "आज्जी : ओल कुठंवर?" आणि खाली चार बाण.

२८ नोव्हें., रवि.
चालत आली पोरगी. मी शेजारी खुर्ची टाकून.
आतलं मशीन सोताशी बोलतंय का. ओल.
आतलं बाहेरच्याशी. ओल.
बाहेरचं जगाशी. ओल.
आतलं जगाशी. कोरडं.
म्हंजे दारं बाहेरच्या मशीनच्या बांधावरच. आतलं पाणी तितवर येतंय, त्यो पुढं सोडत न्हाई.

इंग्रजी कागदांचा गठ्ठा हाय, मैत्रिणीनं पुण्यासनं पाठवलेला. सगळा वाचतीया, बोट ठेवून. एका वक्ताला एकच गोष्ट बदलती, आधी वहीत लिहिती, मग बदलती. म्हणलं, दोन बदल की, लवकर हुईल. म्हणाली, "मग कशानं झालं ते कळत न्हाई गं." सदुसष्ट वर्षांत मला हे कुणी सांगितलं न्हाई. मी काढा आणि गोळी एकदमच घेते, आणि मान काढ्याला देते.

दत्ताचा फोन रविवारी रात्री दहाच्या पुढं. दहाला पाच कमी असताना वै. आपणहून उठली, तार काढली, टोपी काढली. कुणी सांगितलं न्हवतं. त्यो म्हणाला लेक कुठं हाय? म्हणलं, बांधावर.

३० नोव्हें.
दारं उघडलं! बाहेरच्यात एका ओळीपुढं खूण करायची राहिलेली, केली. पाणी पुढं गेलं. पण आता नवीनच. जिथं जायचं तिथला नंबर दिला तर पोचतंय, नाव दिलं तर न्हाई. 

म्हणलं, खेड्यात नवा पोस्टमन आल्यावर असंच असतंय. घर हाय, माणूस हाय, पण नावावरनं घर दाखवणारा जाणता पायजे. वै. म्हणाली, तसा जाणता पुण्यात हाय, बाहेरच्याला त्याचा पत्ता म्हाईत हाय, आतल्याला कुणी सांगितलाच न्हाई. टाळकं धरून बसली. मग सोतालाच हसली.

१ डिसें.
आलं. चौकटीत पान उतरलं, वरनं खाली, एकेक पट्टी, रंग द्यावा तसं. सून टाळ्या वाजवाय लागली. वै.ने काय केलं? सगळं बंद केलं. परत पहिल्यापासनं. परत आलं. परत बंद. तिसऱ्यांदा आलं तवा म्हणाली, आता लागलं. एकदा लागलेलं लागलं न्हवं म्हणं.

ही पोर माझ्या हाताखाली असती तर उसाची एक सरी कोरडी राहिली नसती. तोंडावर म्हणले न्हाई. पोटभर जेव म्हणले.

४ डिसें., शनि.
आज कॉलेजात जाऊन तिथला फोन बघून आली. तिथं आधी शून्य फिरवायचा, थांबायचं, मग बाहेरची लाईन. कुणी सांगितलं? कुणीच न्हाई, हापिसातल्या बाईंना जाऊन विचारलं. पण तिथं लावून बघू देईनात. सोमवारीच म्हणाले, परीक्षकांच्या म्होरं.

म्हंजे घरचं पाणी लागलं, पण रान तिथलं. पहिल्यांदाच.

खूण ठरवली. आमच्यात कोण साताऱ्याला पोचलं की दोन घंट्या देऊन ठेवतात, उचलायचं न्हाई. तीच. दोन घंट्या म्हंजे चाललं. न्हाई चाललं तर घंटी वाजतच ऱ्हाईल, मग उचलायचं.

६ डिसें., सोम.
नऊ वाजता मशीन रिक्षातनं गेलं, माझ्या वाकळंत गुंडाळून. वै. कडंला अर्ध्या ढुंगणावर, हात वाकळंवर. सुनेनं देवाला निरंजन लावलं. म्हणलं लाव, पण शून्य त्यालाबी फिरवाय लागंल.
पाया पडली तवा म्हणलं, घाबरलीस तर विहिरीपासनं चालत ये. मान हलवली.

११-३०. तिची वेळ. टोपी काढून ठेवलीया. टोन हाय का बघावं म्हणून हात शिवशिवतोय. उचलला आणि नेमका तवाच तिनं लावला तर? हात मांडीखाली घेतला. आता एका हातानं लिहितीया.

११-५५. काय न्हाई.

१२-१०. वाजला. एक. दोन. सुनेनं हात जोडले. तीन. सून पळाली उचलाय, मी मनगट धरलं. चौथी वाजलीच न्हाई.

तीन म्हंजे काय, ते ठरलं न्हवतं.

सून म्हणती न्हाईच झालं, सांगायचा धीर झाला न्हाई पोरीला. मी म्हणते कॉलेजचा फोन, ठेवाय जरा उशीर झाला. वै. धीर सोडून फोन ठेवायची न्हाई, लागलं नसतं तर बोलली असती. न्हाईतर अजून बांधावर असंल, कुठंवर ओल हाय ते बघत.

१-१५. रिक्षा न्हाई अजून. सून म्हणती, आत्या, निदान टोन तरी हाय का बघा.
म्हणलं, हात तर लाव फोनला, मग बघ.