वहिनीसाठी प्रार्थना

४ फेब्रुवारी
तिचं वाटोळं होऊ दे! — चर्चमध्ये, गुडघ्यांवर बसून, हात जोडून म्हणाले. शेजारच्या बाईला वाटलं मी भक्तीनं रडतेय.

बाबा जाऊन एकवीस दिवस झाले. शेवटचा आठवडा दादाकडे अंथरुणाला खिळून होते. मी बसनं तासाभराच्या अंतरावर! वहिनीनं मला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. का गं? तर, "राहून गेलं." दूध आणायचं राहून जातं. बाप मरतोय हे सांगायचं राहून जातं?

बाबांचं माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. चूक माझी होती. पाय धरून माफी मागायची होती. तेवढंही तिनं मिळू दिलं नाही.

६ फेब्रुवारी
चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना कर."
"काय मागू?"
"मनात असेल ते. देवापुढे नाटक नको."
बरं. नाटक नाही.

७ फेब्रुवारी
प्रभू, तिचा दात दुखू दे. दाढ. अक्कलदाढ नको, ती तिला नाहीच.

८ फेब्रुवारी
तिला झोप न लागो. दादानं तिच्यावर ओरडावं. (दादा ओरडणार! तो तर तिच्या ताटाखालचं मांजर.)

१३ फेब्रुवारी
आठवडा झाला, नेमानं मागतेय. दादा फोनवर म्हणतो, ती ठणठणीत आहे. देव बहिरा आहे की तिच्या बाजूचा?

१७ फेब्रुवारी
आज चष्म्याच्या कारखान्यात माझ्या टेबलावर कागद आला. वर वहिनीचं नाव! डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर बदललाय. मालक म्हणाले, "मुद्दाम इथेच दिला हो. घरचं माणूस काच घासणार म्हणाली."

तिचा नंबर तिरका. अशा काचा कोनातच बसवाव्या लागतात. जरा फिरल्या की जमीन वरखाली दिसते. कागदावर कोन नव्वद अंश होता.

मी सत्तरवर बसवल्या. दोन्ही.

मालक माझं काम तपासत नाहीत — एकोणीस वर्षांचा विश्वास. कापडानं पुसून, डबीत घालून दिला. प्रभू, तुला वेळ नव्हता ना? मी मदत केली.

२१ फेब्रुवारी
दादाचा फोन. "हिचं डोकं सारखं दुखतंय गं. मी म्हटलं कारखान्यात दाखव. तर म्हणते, तिनं बनवलाय, चुकणार नाही. मलाच सवय नाही."
फोन ठेवला आणि हसले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२६ फेब्रुवारी
वहिनी जिन्यावरून पडली. पायरी दिसली नाही. मनगट मोडलं. दादा म्हणाला, "थोडक्यात वाचली. डोकं कठड्याला लागता लागता राहिलं."

२७ फेब्रुवारी
गुडघे टेकले. तोंड उघडेना. हेच तर मागत होते! पण हे देवानं दिलं नाही. मी घासून, कोन मोजून दिलं.

२८ फेब्रुवारी
सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जाऊन नवा चष्मा केला. नव्वद. चारदा मोजला. अर्धी रजा टाकून दादाकडे गेले.

वहिनी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. दादा औषधं आणायला गेलेला. बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सांगितलं. "तो चष्मा मी मुद्दाम चुकवला."

वाटलं, किंचाळेल. नाही. नाकावरचा चष्मा काढला, पुढ्यात धरून बघत राहिली.

"मुद्दाम?"
"हो."
"मी मेले असते गं."
"हो."

डावा हात पुढे केला. मी नवा चष्मा दिला. एका हातानं लावता येईना, कानामागे मीच अडकवला. इतक्या जवळून तिला कधी पाहिलं नव्हतं. किती वाळलीय!

"आता सरळ दिसतंय," म्हणाली. "तुझ्या दादाला सांगू नकोस. घरात पाऊल ठेवू देणार नाही तुला."

मला तिची दया नको होती! म्हटलं, "मी माझं कबूल केलं. आता तू कर. का नाही बोलावलंस मला?"

मान फिरवली तिनं. "सांगितलं ना तेव्हा. राहून गेलं."

तरातरा निघून आले. मी माफी मागायला गेले होते, ती मागितलीच नाही. अजून तशीच राक्षसीण आहे ती. आणि मीही.

१ मार्च
ती नको म्हणाली होती, तरी फोन करून दादाला चष्म्याचं सगळं सांगितलं. इतका चिडला की त्याच्या तोंडून निघून गेलं. त्या शेवटच्या आठवड्यात मला कळवायला वहिनीनं तीनदा फोन हातात घेतला होता. तिन्ही वेळा बाबाच म्हणाले, "तिला बोलावू नका. मला तिचं तोंड पाहायचं नाही." बाबा गेल्यावर वहिनीनं दादाला शपथ घातली — "हे तिला कधी कळता कामा नये. काय राग धरायचा तो माझ्यावर धरू दे."