पावती पुरुषोत्तम वैशंपायन यांच्या नावाने फाडावी

मी, अहिल्या पुरुषोत्तम वैशंपायन, वय वर्षे बहात्तर, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, हे राजीखुषीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब तेवढा वर असतो, आणि तो का, हे पुढे कळेलच. मी मराठीत लिहिते आहे, कारण वकिलाच्या इंग्रजी मसुद्यात कोणाला काय द्यायचे ते मावते, का द्यायचे ते मावत नाही. त्याने याचे भाषांतर करून घ्यावे. फी घेतोच आहे.

कलम १. राहते घर माझी मुलगी रेणू हिला. तिने ते विकले तरी चालेल, पण दिराला विकू नये. त्याने दुप्पट भाव दिला तरी नाही.

कलम २. गॅरेजमधील बर्फ काढण्याचे यंत्र आणि यजमानांची सगळी हत्यारे शेजारच्या देवदत्त यांना. यजमानांच्या खटल्याच्या दिवशी कोर्टात आमच्या मागच्या बाकावर मराठी मंडळातले ते एकटेच बसले होते. यंत्राची दोरी दोनदा ओढावी लागते.

कलम ३. माझा दीर शशिकांत याला यजमानांचा निळा टाय. याची हकीकत सांगणे भाग आहे.

यजमानांनी मराठी मंडळाची गणपतीची वर्गणी वर्षानुवर्षे गोळा केली. २००१ साली कितीकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा अशा घराची वर्गणी हे स्वतः भरत आणि पावती त्या घराच्या नावाने फाडत, म्हणजे आरतीनंतर नावे वाचली जाताना कोणाला मान खाली घालावी लागू नये. आम्ही सर्वांनी हे पुण्यच मानले. अजूनही मानते.

शशिकांतचा धंदा कंपन्यांना सॉफ्टवेअरची माणसे पुरवण्याचा. २००४ च्या निवडणुकीत त्याला एका उमेदवाराच्या शेजारी बसून जेवायचे होते. त्या मानासाठी मोठी देणगी जमवून द्यावी लागे, आणि एका माणसाने फार तर दोन हजार डॉलरच द्यायचे, असा कायदा. मग तो आमच्याकडे आला. "दादा, तुम्ही वर्गणी कलेक्ट करता ना, सेम तसंच. लोकांनी आपापले चेक लिहायचे, कॅश मी देतो." लहान मुलांनी देणग्या देऊ नयेत हा नवा नियम सर्वोच्च न्यायालयाने नुकताच रद्द केला होता. ते वर्तमानपत्र त्याने टेबलावर पसरले. "बघा, कोर्टच म्हणतंय, मुलांनाही राइट आहे." म्हणून यादीत आमची नात अनिकाही आली. वय वर्षे आठ.

यजमानांना यात काही वावगे दिसले नाही. पैसे घरच्या कर्त्याने भरायचे आणि पावती ज्याच्या त्याच्या नावाने, हेच तर ते जन्मभर करत आले होते. जेवणाला जायला त्यांनी निळा टाय विकत घेतला.

वर्षभराने या देणग्यांबद्दल सरकारी चौकशीवाले आले. अनिकाने मला विचारले, "आजी, डिड आय रिअली गिव्ह टू थाउजंड डॉलर्स?" मी तिला खीर दिली. शशिकांतने कानांवर हात ठेवले. मला फोनवर म्हणाला, "वहिनी, लॉयरने स्ट्रिक्टली सांगितलंय, आपण काही बोलायचं नाही." मी यजमानांना हजारदा विनवले की त्याचे नाव सांगा. ते म्हणाले, "धाकटा आहे तो. मी सांगणार नाही." गुन्हा त्यांनी एकट्याने कबूल केला. दंड झाला, तुरुंगाऐवजी दोन वर्षे सरकारी देखरेखीची शिक्षा झाली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या नावाने देणगी देणे ही मतदारांची फसवणूक आहे. बरोबरच म्हणाल्या. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

शशिकांत आता उमेदवाराला देत नाही. टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या एका संस्थेला देतो. तिथे मर्यादा नाही. 'अमक्याला मत द्या' असे सरळ म्हटले नाही की कोर्टाला चालते, हे मागच्या वर्षीच्या निकालानंतर त्यानेच मला चहा पिता पिता समजावले. गेल्याच महिन्यात आणखी एक निकाल आला. श्रीमंत उमेदवार स्वतःचे लाखो ओतू लागला, तर समोरच्याला मोठ्या देणग्या घ्यायची सवलत होती, तीही गेली. पैसा खर्च करणे म्हणजे मत मांडणे, असे म्हणतात. माझ्या नवऱ्याने मत मांडले ते एक्कावन्न डॉलरांचे, दर भाद्रपदात.

तेही घेतले नाहीत. गेल्या गणपतीत ते चेक घेऊन गेले, तर सेक्रेटरी सिद्धेश म्हणाला, "काका, सॉरी, कमिटीने डिसाइड केलंय, यंदा तुमचा चेक नको." खजिनदारांच्या पाटीवरून नावही काढले होते. घरी येऊन त्यांनी टाय कपाटात मागे ढकलला आणि परत कधी मंडळाचे नाव काढले नाही. दिवाळीनंतर ते गेले. डॉक्टरांनी हृदय लिहिले. मी डॉक्टर नाही, पण मला ठाऊक आहे.

कलम ४. दागिने अनिकाला. तिने यापुढे कोणत्याही कागदावर स्वतः वाचल्याशिवाय नाव घालू देऊ नये, आजोबांनी सांगितले तरी.

कलम ५. माझ्या बचतीतील पंचवीस हजार डॉलर मराठी मंडळाला, स्वतःच्या जागेसाठी. अट एकच. पावती 'पुरुषोत्तम वैशंपायन' या नावाने फाडावी, तिच्यावर मंडळाच्या विद्यमान अध्यक्षांनी स्वहस्ते सही करावी आणि आरतीनंतर ते नाव त्यांनीच माइकवरून वाचावे. विद्यमान अध्यक्ष शशिकांत आहेत. त्या दिवशी त्यांनी निळा टाय घालावा. हे न केल्यास सगळी रक्कम गरिबांना फुकट वकील देणाऱ्या संस्थेला जावी.

ही देणगी माझी आहे आणि ती मी दुसऱ्या माणसाच्या नावाने देते आहे, हे मला पूर्ण ठाऊक आहे. कोणाला कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे. मी आधीच वर गेलेली असेन, आणि तिथे यजमानांना सांगेन की तुमची वर्गणी पोचली.

लिहून ठेवणार: अहिल्या पुरुषोत्तम वैशंपायन (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. मीनाक्षी सबनीस (सही)
२. राजीव धारप (सही)

पार्सिपनी, न्यू जर्सी
११ जुलै २००८