गर्दीकडेच जाणाऱ्या लिंका

शिकागो, ८ डिसेंबर १९९९

ती. आईस नमस्कार.

माझी सर्दी गेली, स्वेटर अंगावर आहे, जेवतेही वेळेवर. एवढं वाचून निश्चिंत हो आणि मग माझा संताप वाच.

इंटरनेटवर लोक आपापली पानं ठेवतात आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला वाट देतात, तिला लिंक म्हणतात. तीन महिने आम्ही त्या लिंका मोजतोय. बहुतेक पानांकडे जेमतेम एखादी येते आणि मोजक्या पानांकडे हजारो! नवं पानही त्यांनाच जाऊन चिकटतं. सर म्हणाले, "जाळं वाढताना असंच व्हायचं." मी वर्गातच भांडले. असंच व्हायचं म्हणजे काय? प्रत्येक लिंक कुणीतरी स्वतःच्या हातानं दिलेली असते ना!

मला आपल्या विश्रामबागेतलं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. डॉक्टरीणबाईंकडे चपला काढायला जागा नसायची, कारण सगळ्या तिथंच जायच्या. गल्लीच्या टोकाला पद्माकाकू मात्र तिळगुळाचा डबा घेऊन दारात उभ्या.

त्याच तावात मी माझं स्वतःचं पान उघडलं. अकरा लिंका, सगळ्या गर्दीच्या ठिकाणी. आपल्या सुमंतनं सायबर कॅफेत तासन्‌तास बसून कृष्णाकाठच्या पक्ष्यांवर पान केलंय. त्याच्याकडे जगातून एकही लिंक जात नव्हती, सख्ख्या बहिणीचीसुद्धा नाही! आता दिलीय, त्याला सांग.

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं लिही.

आणि संक्रांतीला आधी पद्माकाकूंकडे जा. डॉक्टरीणबाईंकडे नाही गेलीस, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तुझी,
अबोली