असं पूर्वी नाही

४ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. चादरी आणि पडदे छापण्याचा कारखाना; मोठा नाही, पण लख्ख. माझं टेबल वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी आहे, त्यामुळे दिवसभर उजेड एकसारखा. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, सहा पेन्सिली, आणि बसल्यावर न कुरकुरणारी खुर्ची. माणसाला आणखी काय लागतं? वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषांत रंग भरले, आता रेषाही माझीच. ताईला फोन केला तर म्हणाली, चाळिशीनंतर लोकांना चष्मा लागतो, तुला नोकरी लागली, तेव्हा एक चादर फुकट पाठव.

मालकिणीला इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी इथला नियम समजावला. माझ्या टेबलाच्या पाठीमागच्या दारातून नमुन्यांच्या खोलीत जाता येतं. आजवर इथे काढलेली प्रत्येक नक्षी तिथल्या वह्यांत आहे. नवी नक्षी झाली की ती काढणाऱ्यानेच त्या वह्या चाळायच्या, आणि खाली ‘असं पूर्वी नाही’ लिहून सही करायची. याला पडताळा म्हणतात. सही नसेल तर छपाई नाही. महिनाभरात माझी एक तरी नक्षी मशीनवर चढावी, एवढीच त्यांची अट.

नियम ऐकून पोटात जरा खड्डा पडला. पण तो माझा जुनाच खड्डा आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली नक्षी झाली. दोरीवर वाळत घातलेले मोजे, रांगेने. सातव्याला अंगठ्यापाशी भोक. काढताना एकटीच हसत होते. मशीनवाले काका चहा घेऊन आले, बघून म्हणाले, फाटक्या मोज्यावरून नवऱ्याला आता बायकोची बोलणी खायला नकोत, भोक चादरीतलंच आहे म्हणायचं.

दुपारी पडताळ्याला गेले. अकराव्या वहीत मोजे होते. तीच दोरी, सातव्याला भोक. पानावरची तारीख चाळीस वर्षांपूर्वीची.

सही केली नाही. कागद फाडून टाकला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या जुन्या खड्ड्याबद्दल लिहूनच टाकते. शिकत असताना सरांनी माझं चित्र वर्गासमोर धरलं आणि हसत म्हणाले, छान आहे, पण हे कुठंतरी पाहिलंय. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी आजवर शोधतेय. हातात पेन्सिल घेतली की ते वाक्य आधी येऊन बसतं. म्हणून तर रंग भरत राहिले. दुसऱ्याच्या रेषेबद्दल आपल्याला कुणी जाब विचारत नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी नक्षी: उलटी पडलेली छत्री, तिच्यात साठलेलं पाणी, पाण्यात दिवा. ती विसाव्या वहीत सापडली. काकांना सांगितलं. ते म्हणाले, जगात रेषा दोनच, सरळ आणि वाकडी, कुणाच्या ना कुणाच्यासारखी यायचीच.

बरं वाटलं. पण मी सकाळी पाच मिनिटांसाठी आत गेले होते, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात संध्याकाळचा चहा होता.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज ठरवून असं काढलं, जे कुणाला ठाऊकच नाही. आईचा बटणांचा डबा. त्यातलं एक बटण कडेला टवका उडालेलं, भोकात हिरव्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला. आईनंतर तो डबा ताईकडे आहे, तिच्या कपाटात.

तिसऱ्या वहीत ते बटण होतं. हिरव्या दोऱ्यासकट. माझ्या जन्माआधीची तारीख.

बोट फिरवलं तर काळं झालं. पेन्सिलीची ताजी भुकटी. पानाच्या घडीत रबराचा चुरा होता. फुंकर मारली तर उडाला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

काकांना खोदून विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलले. माझ्याआधी या टेबलावर एक बडबडी मुलगी होती, ते तिला साळुंकी म्हणायचे. पहिला महिना तिने सगळ्यांचे कान किटवले. मग पडताळा वाढला. आधी दिवसातून एकदा, मग चारदा, मग काढणं बंद, नुसतं शोधणं. एका दुपारी ते चहा घेऊन आत गेले तर दिवा चालू, वही उघडी, आणि आतल्या टेबलावर पेन्सिल अजून घरंगळत होती. ती नव्हती. त्या खोलीला दुसरं दार नाही. घरीही ती परतली नाही. मोठ्या बाई सांगतात, नोकरी सोडून गेली.

ताईला फोन केला. ती म्हणाली, वेडाबाई, बॅग भर आणि घरी ये. आले असते. पण सरांचं ते वाक्यही बॅगेत बसून आलं असतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज सहा वेळा आत गेले. काढलं काहीच नाही.

सहाव्यांदा गेले तेव्हा अजून सकाळच होती — बाहेर आले ती दिवस मावळताना. घशाला कोरड. आत मी कोणत्या वह्या पाहिल्या, आठवत नाही. बोटं मात्र काळी.

२७ फेब्रुवारी, बुधवार

एक गोष्ट लक्षात आली. अर्धी नक्षी घेऊन आत गेले होते. वहीतही अर्धीच होती. माझी रेष जिथे थांबली होती, तिथेच तीही.

बाहेर येऊन चार रेषा वाढवल्या. पुन्हा आत. चार रेषा वाढलेल्या. तारीख साठ वर्षांपूर्वीची.

तारखा खोटं बोलतात.

१ मार्च, शुक्रवार

रिकाम्या हाताने गेले. मनात नक्षी पक्की होती, कागदावर काही नव्हतं. साऱ्या वह्या उलटल्या. मनातली कुठेच नव्हती. माझ्यापेक्षा एक रेष जास्त कुठेच नाही.

पण परत फिरताना दार — लगेच उघडेना. मागे कुणीतरी पान उलटलं. मी वळले नाही. खांद्याने धक्के मारले. काकांनी बाहेरून ओढलं तेव्हा कुठे सुटले. ते म्हणाले, पोरी, मी तासभर हाका मारतोय.

४ मार्च, सोमवार

महिना संपला. मोठ्या बाईंना सांगितलं की पडताळा करणार नाही. त्या चिडल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या की सही लागेलच, आज नाही तर उद्या तू आपणहून आत जाशील, सगळ्या जातात.

संध्याकाळपर्यंत तीनदा उठले. तीनदा बसले. खुर्चीची कड धरून.

५ मार्च, मंगळवार, सकाळ

जगातली सगळ्यात जुनी नक्षी काढायला घेतलीय. पाच पाकळ्यांचं फूल. लाखोंनी काढलंय. असेना. हात माझा आहे.

खाली आधीच लिहून ठेवलं, असं पूर्वी नाही. सही केली. वह्या न बघता.

सव्वा अकरा

दुसरी पाकळी. दाराआड पेन्सिल चालतेय. आधी माझी रेष, मग खरखर. आधी माझी. मग तिची.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी कुणाच्या तरी मागून चाललेय.

दुपार

दार उघडलंय. मी उघडलेलं नाही. खरखर आता खुर्चीच्या मागे. मानेवर गार. तिसरी पाकळी झाली. थबकले की ती जवळ येते, हे आधी कुठंतरी पाहिलंय असं मनात आलं की अगदी कानाशी — बघायचं नाही. काका खालून विचारताहेत, चहा आणू का. नको म्हटलं. आवाज माझाच होता.

चौथी झाली.

हे लिहितेय तेवढ्यात खरखर थांबली. वाट बघतेय. तिला पुढचं येत नाही, हे मला आत्ता कळलं. पाचवी पाकळी अजून कुणीच काढलेली नाही. आता ही डायरी मिटते. ती पाचवी मी काढणार.