रिकामी काडेपेटी

बोरामताईस, तुझ्या वात्रट भावाचा लांबून नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या किमचीतला कोबी जरा जास्तच आंबलेला असतो, पण पोटभर मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

संध्याकाळी आम्ही सहा कैदी टीव्हीवर खुनाच्या मालिका बघतो. ताई, सगळ्या थापा. त्यातला फौजदार नुसतं डोळ्यांत बघून ओळखतो, हा खरं बोलतोय. माझ्यावाल्यानं डोळ्यांत बघून जांभई दिली. म्हणाला, "डुक्कर छपरावर चढलंय म्हणून बंबवाल्यांना खोटे फोन कोण करायचं रे?" मीच करायचो. म्हणून वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या गोदामाला आग लागल्याचा पहिला फोन मी केला, तर आग मीच लावली असं ठरलं.

मग पोलिसांच्या रीतीप्रमाणे, आग कशी लावली ते गावासमोर करून दाखवायला मला गोदामापाशी नेलं. हातात रिकामी काडेपेटी दिली, समोर कॅमेरा लावला. मालिकांमधलं सगळं पाठ होतं ना. इकडेतिकडे बघितलं, नसलेली काडी ओढली, मागं वळून खलनायकासारखा हसलो. वाटलं, लोक हसतील. तर मासळीवाली ओक्सुनमावशी म्हणाली, "केल्याशिवाय इतकं बरोबर जमतं होय?"

कोर्टातही तेच चित्रीकरण दाखवलं. अपील मंगळवारी फेटाळलं. पाच वर्षं. मालिकेत खरा गुन्हेगार शेवटच्या भागात सापडतो. इथं त्याला कोणी शोधतच नाही.

आईला एकदा विचार, मी आग लावली नाही असं तिला तरी वाटतं का. नसेल वाटत, तर नुसतं गुडघ्याचं कळव.

तुझाच,
ग्यूते