राजेळीचे मुनवे

अण्णा, आज रविवार आहे आणि मी प्रयोगशाळेतच आहे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "तुझ्या त्या पेशींना सुट्टी नसते का गं?" नसते. वाडीतल्या केळींचं एखाद्या दिवसाचं पाणी चुकलं तरी चालायचं. इथे बाटल्यांतल्या कॅन्सरच्या पेशींना ठरल्या दिवशी नवं पोषणद्रव, आमच्या भाषेत मीडिया, द्यावंच लागतं. खिडकी उघडत नाही, एसीची घरघर थांबत नाही, आणि पीएचडी होतच आली असं मी आईला सहाव्या दिवाळीलाही सांगितलं.

प्रबंध खरंच लिहून झालाय. पण अकरा दिवसांपूर्वी तपासणीचा रिपोर्ट आला. ज्यांना मी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी समजत होते, त्या यकृताच्या निघाल्या. शेजारच्या बाटलीतल्या यकृताच्या पेशी माझ्या पेशींत मिसळल्या, भराभर वाढल्या आणि मूळच्या संपल्या. कधी, तेही मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी पितृपक्षात तुमची तिथ होती, उमेळ्याला घरी लवकर पोचायचं होतं. एका वेळी एकच बाटली उघडायची हा आमचा नियम. मी दोन्ही उघडल्या आणि एकच पिपेट दोन्हींत बुडवलं. तेव्हापासूनचं सगळं काम चुकीच्या पेशींवर. सांगितलं तर प्रबंध गेला, फेलोशिप तर संपलीच आहे. नाही सांगितलं तर जन्मभर हे खोटं माझ्या नावावर. सर म्हणतात, "अगं, टाक आता सबमिट करून, किती दिवस घोळ घालणार?" मी मान डोलावते. रिपोर्ट पर्समध्ये आहे.

सारखा तो गास गावातला दिवस आठवतो. मी दहा वर्षांची. बुंध्याशी फुटलेले, लावणीसाठी काढलेले केळीचे मुनवे रचताना मी राजेळी जातीचे वेलची केळीच्या ढिगात टाकले, आणि ते गासच्या एका शेतकऱ्याकडे गेलेसुद्धा. राजेळीचे कमी भरले तेव्हा तुमच्या लक्षात आलं. तुम्ही कोयता खाली ठेवता, माझ्याकडे बघता. "घड पडेपर्यंत गप्प बसायचं? तो वर्षभर पाणी घालेल त्यांना. चल, बस सायकलवर." त्याच्या ओट्यावर उभं राहून तुम्ही म्हणता, "माझ्या हातून घोटाळा झालाय." तो चिडतो, तोंडाला येईल ते बोलतो. तुम्ही ऐकून घेता, आणि दोघं मुनवे उपटायला लागता. मी कुंपणापाशी सायकल धरून उभी.

माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत, घरीही नाही. येताना मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही मला ओट्यावर न्यायला हवं होतंत. हा राग तुमच्यावर काढणं बरोबर नाही, तरी काढते आहे. कारण या आठवड्यात मी सरांच्या केबिनमध्ये दोनदा जाऊन आले, रिपोर्ट हातात घेऊन. दोन्ही वेळा मी एवढंच म्हणाले, "सर, मीडिया संपत आलाय."