जॅरेडदाजींची परीक्षा

ऑसेज नदीकाठची छावणी, मिसूरी
१४ एप्रिल १८६३

प्रिय लविनियाताई,

अशेरचा नमस्कार. तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. इथे सगळ्यांना खोकला झालाय, त्यात मीही आलो. जॅरेडदाजी सुखरूप आहेत. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

राज्याने आपल्या फौजेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याची परीक्षा घ्यायचं ठरवलंय. गावाने मतं देऊन कप्तान केला, एवढं आता पुरत नाही म्हणे. सोमवारी दाजींची पाळी आली. टेबलामागे एक मेजर आणि दोन परके कप्तान. कवायतीचे प्रश्न आम्ही दोघांनी आठवडाभर घोकले होते. दाजींनी एकही चुकवला नाही. मला वाटलं, सुटलो.

मग मेजरने मला उभं केलं. बायबलवर हात ठेवायला लावला.

"लेफ्टनंट, नदीच्या उतारावर चकमक झाली, तेव्हा हुकूम कोण देत होतं?"

"कप्तान टॉलिव्हर." मी दाजींचंच नाव घेतलं. ताई, मी जरासुद्धा अडखळलो नाही.

"खोटं बोलतोय तो."

दाजींचाच आवाज! "हुकूम त्याने दिले. तेही उशिरा, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. मी लव्हाळ्यात पालथा पडलो होतो. कानांत बोटं घालून."

माझा हात बायबलवर तसाच.

"का रे खोटं बोललास?" मेजरने विचारलं.

"माझ्या बहिणीचे यजमान आहेत, साहेब."

"आणि त्या चकमकीत जे दोघं मेले, ते कुणाचे कुणीच नव्हते?"

त्यातला एक आपल्या शेजारच्या मर्सीचा नवरा. इनॉक गोळी लागून जागीच गेला, असं मी तुला लिहिलं होतं. जागीच नाही गेला, ताई. बराच वेळ दाजींना नावाने हाका मारत होता. मी ऐकत होतो.

दाजींना अपात्र ठरवलंय. शनिवारपर्यंत घरी पोचतील. निघताना म्हणाले, "लविनियाला लिही, मला ताप येत होता." घोड्यावर बसले, पुन्हा उतरले. "नको. खरं काय ते लिही."

माझं लेफ्टनंटचं पद मेजरने ताकीद देऊन कायम ठेवलं होतं. मीच ते सोडलं आणि याच तुकडीत साधा शिपाई म्हणून नाव घातलं.

दाजींना जेवायला वाढ, लगेच काही विचारू नकोस. आणि हे पत्र मर्सीला वाचून दाखव. तिला वेगळं लिहायचा धीर मला झाला नाही.

तुझा भाऊ,
शिपाई अशेर